पाच जणांचा प्रवास आणि एकाच माणसाचे डोळे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. ४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि तुम्ही दोघे. आठ दिवसांचा प्रवास, त्यात रेल्वे, विमान, भाड्याची गाडी, गर्दीची ठिकाणे आणि दोन दिवस समुद्रकिनारा. मुलांसाठी जीपीएसचे घड्याळ आणि स्वतःसाठी पेपर स्प्रे घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी लिहिले आहे की नवरा म्हणतो तू उगाच घाबरतेस, पण सगळ्यांवर लक्ष ठेवण्यातच तुमचा प्रवास संपून जातो.

मला खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात दिसतो. घड्याळाचे उत्तर चार ओळींत देता येईल आणि खाली देतेच. पण पाच जणांची काळजी एकट्या तुमच्या डोळ्यांवर आहे, बाकीच्यांना आपण काय करायचे हे ठाऊक नाही, आणि तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत सारख्याच ताणात आहात. ही स्थिती कोणत्याही वस्तूने बदलत नाही. दिवसभर एकसारखे एकाग्र राहणे माणसाला जमतच नाही. तुम्ही दमता, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी नजर दुसरीकडे असते. म्हणून आणखी लक्ष ठेवा असे मी सांगणार नाही. लक्ष कधी लागते, कोणाचे लागते आणि कधी सैल सोडायला हरकत नाही, हे आधी ठरवून ठेवा असे सांगेन.

मी बरीच वर्षे मोठ्या गर्दीच्या ठिकाणी सुरक्षेचे काम केले, त्यातला मोठा काळ हरवले-सापडले कक्षात. आता कुटुंबांना आणि शाळांना याच गोष्टी शिकवते. तरी काही बाबी तुमच्यावरच अवलंबून राहतील. ४ वर्षांचे एक मूल बोट सोडत नाही, दुसरे कबूतर दिसले की सुटते. सासूबाईंना कितपत ऐकू येते, त्या एका दमात किती चालतात, जाणार तिथली भाषा तुम्हाला येते का, यावर बरेच काही बदलते. ते तुम्हीच पाहून ठरवायचे.

सुरुवात भीतीच्या क्रमापासून करू, कारण बहुतेक घरांत तो उलटा लागलेला असतो. पालकांच्या मनात सर्वांत आधी येतो तो मूल पळवून नेणारा अनोळखी माणूस. प्रत्यक्षात प्रवासात कुटुंबाला मोठा धोका असतो रस्त्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत मरतात, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण हेच आहे. मग येते पाणी. २०२१ मध्ये सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालची मुले होती. अनोळखी माणसाने मूल पळवणे घडते, पण फार क्वचित. आणि मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा कुटुंबाच्या ओळखीचीच निघते. तुमची भीती खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. पण काळजी करायलाही माणसाकडे मोजकीच ताकद असते, आणि ती आधी गाडीतल्या पट्ट्यावर आणि पाण्याच्या काठावर खर्च व्हायला हवी.

गाडीचे लवकर सांगून टाकते. पट्टा सगळ्यांना, मागच्या सीटवरही, पाच मिनिटांच्या अंतरालाही. मांडीवर घट्ट धरलेले मूल धडकेत हातात राहत नाही. त्या झटक्यात त्याला धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याच हातांत नसते. धाकट्याला त्याच्या मापाचे आसन लागेल. मुलीलाही उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे सीटवर ठेवून मुलाला उंच बसवणारे आसन, लागतो, नाहीतर पट्टा खांद्याऐवजी मानेवर आणि कमरेच्या हाडाऐवजी पोटावर येतो. गाडी ठरवतानाच हे मागून घ्या, ऐन वेळी मिळेलच असे नाही. आणि उभ्या बंद गाडीत धाकट्याला किंवा सासूबाईंना ‘दोन मिनिटांसाठी’ बसवून जाऊ नका. उन्हात आतले तापमान दहा मिनिटांत ११ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढू शकते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट वेगाने तापते.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कक्षात धावत आलेल्या पालकांना मी पहिला प्रश्न विचारायची, मूल शेवटचे कधी दिसले? उत्तरे ऐकता ऐकता एक गोष्ट पक्की लक्षात आली. रमतगमत चालताना किंवा एका जागी बसून खाताना मुले फारशी हरवत नाहीत. हरवतात ती गाडीतून उतरताना, तिकीट काढताना, सामान मोजताना, पैसे देताना, फोटो काढताना, स्वच्छतागृहातून बाहेर येताना. पाण्याचा पाइप सहसा मधोमध फुटत नाही, सांध्यावर गळतो. कुटुंबाचा दिवसही असाच सांध्यांवर गळतो. खिसेकापूही तुमच्या याच क्षणांची वाट पाहत असतो, आणि वयस्कर माणसे पडतात तीही बहुधा चढता-उतरताना, कोणीतरी घाई करत असताना. म्हणून दिवसभर ताठ राहण्याऐवजी मी कुटुंबांना सांध्यांपाशी सावध व्हायला शिकवते. दोन सांध्यांच्या मधल्या वेळात गप्पा मारा, डोळे मिटून बसा, खिडकीबाहेर बघा. ती मोकळीक मिळाली की पुढच्या सांध्यावर लक्ष आपोआप जाग्यावर येते.

सांध्यावर करायचे ते फार थोडे आहे. एक काम संपून दुसरे सुरू होण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे आणि कोण कोणाकडे आहे ते तोंडाने बोलायचे. “धाकटा तुझ्याकडे.” “हो, माझ्याकडे.” समोरून शब्दांत उत्तर आले नाही तर सोपवणे झालेलेच नाही, असे धरायचे. नुसती मान हलवलेली चालत नाही, कारण फोनवर बोलतानाही माणूस मान हलवतो. ज्याच्याकडे मूल आहे त्याने तेवढा वेळ तिकीट, पाकीट, फोन यांतले काही हातात घ्यायचे नाही. त्याचे काम संपले की पुन्हा बोलून परत सोपवायचे.

एवढ्या साध्या गोष्टीचा इतका आग्रह का, असे नवरे हमखास विचारतात. तुमचेही विचारतील, म्हणून कारण देते. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज त्यांनी एकेका व्यक्तीला ऐकवला. आपण एकटेच हे ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यातले ८५ टक्के लोक लगेच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. माणसे निर्दयी नव्हती, कोणीतरी बघेलच असे प्रत्येकाला वाटले. घरातल्या तीन मोठ्या माणसांमध्ये एक मूल असते तेव्हा हेच होते, आणि प्रेम कितीही असले तरी होते. दुसरा प्रयोग डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांचा, १९९९ चा. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना चित्रफितीच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. बॅगा मोजणारा माणूस बॅगाच बघतो. त्याला मूलही बघायला सांगणे हा अन्याय आहे.

तुमच्या ताणावरही माझे उत्तर इथेच आहे. नवऱ्याला “तूही जरा लक्ष दे” असे सांगून काही होत नाही. रेल्वेतून उतरताना धाकटा पूर्णपणे त्यांच्याकडे, सामान तुमच्याकडे, मुलगी आजीचा हात धरून, अशी वाटणी घरीच करा. त्या वेळात धाकट्याकडे वळून बघायचेही नाही. तुम्ही दर मिनिटाला तपासत राहिलात तर जबाबदारी सोपवली असे होत नाही, आणि त्यांनाही ती आपली वाटत नाही. मुलीला खरे काम द्या. ९ वर्षांची मुले खऱ्या कामाने खूप मोठी होतात आणि लुटुपुटीचे काम लगेच ओळखतात.

मूल खरोखर दिसेनासे झाले तर काय, याची तयारी सकाळी होते. बाहेर पडताना दोन्ही मुलांचा पूर्ण उंचीचा, पायातले बूट दिसतील असा फोटो काढा. घाबरलेल्या माणसाला मुलाने आज काय घातले आहे ते आठवत नाही. शर्ट हिरवा की निळा यावरून आई-वडिलांना माझ्यासमोर भांडताना मी पाहिले आहे, आणि दोघांचाही दोष नसतो. बूट यासाठी की शर्ट एखाद्या जाकिटाखाली झाकला जाऊ शकतो, बूट बदलणे अवघड असते. धाकट्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला देशाच्या कोडसह तुमचा फोन क्रमांक पेनाने लिहा. दप्तरावर, टोपीवर बाहेरून दिसेल असे नाव मात्र लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. मुलीला तुम्हा दोघांचे क्रमांक तोंडपाठ हवेत. आजकाल ते मोठ्यांनाही पाठ नसतात, फोन हरवला की सगळे कुटुंबच एकमेकांना हरवते.

मुलांना नियम एकच द्या: आई-बाबा दिसेनासे झाले की आहे तिथेच थांबायचे. दोन्ही बाजू शोधत फिरल्या तर चुकामूक होत राहते. एक बाजू स्थिर असली की शोध फार सोपा होतो. हाक मारताना नुसते “आई” नको, तुमचे पूर्ण नाव. गर्दीत ‘आई’ अशी हाक ऐकून कोणी थांबत नाही, पण लहान मूल पूर्ण नावाने ओरडते आहे म्हटल्यावर आजूबाजूची माणसे वळतात. थोडा वेळ थांबूनही कोणी आले नाही तर मदत मागायची ती गणवेशातल्या किंवा काउंटरमागच्या माणसाकडे; तसे कोणी दिसत नसेल तर सोबत मुले असलेल्या बाईकडे. मुलाने स्वतः जाऊन निवडलेला माणूस हा आपणहून मुलाजवळ आलेल्या माणसापेक्षा विश्वासाचा असण्याची शक्यता खूप जास्त असते. आणि मदत तिथेच मागवायची, कोणाबरोबरही त्या जागेबाहेर जायचे नाही.

मोठ्यांचे काम असे. एकाने मूल शेवटचे दिसले त्या जागी खांबासारखे उभे राहायचे, सासूबाई आणि मुलगी त्याच्याजवळ. दुसऱ्याने आधी तिकडे धावायचे जिथे जीव जाऊ शकतो: पाणी, रस्ता, रूळ. त्यानंतर बाहेर जाण्याची दारे. खेळण्यांचे दुकान आणि प्राण्यांचे पिंजरे शेवटी, कारण तिथे मूल असेल तर ते सुखरूपच आहे. हे उलट्या क्रमाने होताना मी फार पाहिले आहे. पालक आधी मुलाच्या आवडीच्या जागी पळतात. ओरडताना नावापेक्षा वर्णन ओरडा: “चार वर्षांचा मुलगा हरवलाय, लाल शर्ट, निळी चड्डी!” नावाने एकटे मूल वळते, वर्णनाने आजूबाजूचे सगळे लोक खाली बघू लागतात.

आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा, अगदी पहिल्या मिनिटाला. लाजेने किंवा ‘सापडेलच आता’ म्हणून पालक बराच वेळ स्वतःच शोधत राहतात आणि त्या वेळात दारे उघडी राहतात. अमेरिकेत १९८१ मध्ये एका मोठ्या दुकानातून ६ वर्षांचा ॲडम वॉल्श पळवला गेला आणि मारला गेला. त्याच्या नावाने १९९४ मध्ये वॉलमार्टच्या दुकानांत ‘कोड ॲडम’ ही पद्धत सुरू झाली: मूल हरवल्याचे कळताच वर्णन सगळीकडे जाहीर करायचे, कर्मचाऱ्यांनी दारांवर उभे राहायचे, आणि १० मिनिटांत मूल सापडले नाही तर पोलिसांना बोलवायचे. या किंवा अशाच पद्धती आज अनेक ठिकाणी असतात, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. तुमच्या त्या दोन वाक्यांसाठी कक्षातली माणसे तयार बसलेली असतात. मूल लगेच सापडले तर त्यांनाही आनंदच होतो.

मूल सापडल्यावर त्याच्यावर रागावू नका. जीव भांड्यात पडला की राग येतो, तो गिळा. हरवल्यावर मार किंवा बोलणी मिळाली हे मुलाच्या लक्षात राहते, आणि पुढच्या वेळी ते मदत मागायला कचरते.

इथपर्यंतचे एकत्र सांगायचे तर: सांध्यावर थांबायचे, बोलून सोपवायचे, सकाळी फोटो काढायचा, मुलाने जागेवर राहायचे, मोठ्यांनी ताबडतोब सांगायचे. बाकी सगळे विसरलात तरी एवढे धरून ठेवा.

‘अनोळखी माणसाशी बोलायचे नाही’ हा धडा मी शिकवत नाही. हरवलेल्या मुलाला वाचवणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखीच असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात डोंगरात हरवलेला ११ वर्षांचा एक मुलगा चार दिवसांनी सापडला. त्या काळात शोधणारी माणसे दिसली की तो वाटेवरून बाजूला होऊन लपत होता, कारण अनोळखी माणसे आपल्याला पळवतील असे त्याच्या मनात बसले होते. मुलांना माणसांच्या ओळखीपेक्षा वागणे ओळखायला शिकवा. मोठ्या माणसाला मदत हवी असेल तर तो दुसऱ्या मोठ्या माणसाकडे मागतो. हरवलेले कुत्र्याचे पिल्लू शोधायला लहान मुलाला बोलावत नाही. जो म्हणतो ‘हे आईला सांगू नकोस’, त्याचे नेमके तेच आईला सांगायचे, मग तो काका असो की शेजारी. ‘आईने तुला आणायला पाठवलंय’ असे कोणी म्हटले तर घरात ठरलेला परवलीचा शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर ओरडत माणसांच्या दिशेने पळायचे. ओरडायचे काय तेही ठरवून द्या: “हे माझे बाबा नाहीत!” नुसत्या रडण्याकडे लोक हट्ट म्हणून दुर्लक्ष करतात.

गर्दीबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण तिथे चांगली शिकली-सवरलेली माणसेही चुकीचा अंदाज बांधतात. गर्दीत माणसे मरतात ती बहुतेक वेळा तुडवली जाऊन नाही. उभ्या उभ्या चेपली जाऊन श्वास थांबल्याने मरतात. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे झाली की धोक्याची सुरुवात होते. तुम्हाला मोजत बसायचे नाही. चारही बाजूंनी अंगाला अंग लागू लागले, हात वर करायला जागा उरली नाही, किंवा आपण न चालताही गर्दी आपल्याला सरकवते आहे असे वाटले, की निघायचे. दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री जेमतेम चार मीटर रुंदीच्या उतारावरच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ माणसे गेली. त्याच्या तीन तासांहून अधिक आधी, चेंगरून माणसे मरतील असे सांगणारा पहिला फोन पोलिसांना आला होता. धोका कळायला वेळ होता, बाहेर पडायलाही होता. तुमच्यासारख्या कुटुंबाने तर गर्दी दाटायच्या कितीतरी आधी निघायला हवे, कारण धाकट्याचे नाक मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असते आणि सासूबाईंना धक्क्यात तोल सावरता येत नाही. कार्यक्रम संपायच्या पंधरा मिनिटे आधी बाहेर पडा, किंवा सगळे गेल्यावर. मधल्या वेळात दाराकडे जाऊ नका.

अडकलातच तर एकाने धाकट्याला उचलून घ्यायचे, बाकीच्यांनी छातीसमोर दोन्ही हात आडवे धरून श्वासापुरती जागा ठेवायची. गर्दीच्या लोटाविरुद्ध ढकलू नका. लोट येऊन सैल पडला की तिरके तिरके कडेला सरका. भिंतीला, कुंपणाला टेकू नका. पडलेली चप्पल, फोन, काहीही उचलायला वाकू नका.

बंद जागेत शिरल्यावर एक सवय मी कधीच सोडत नाही: आलो त्याशिवाय आणखी एक दार कुठे आहे ते बघायचे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ ला ‘द स्टेशन’ नावाच्या नाइट क्लबमध्ये आग लागली तेव्हा बाहेर पडायला इतरही दारे होती, पण बहुतेक माणसे आत आलेल्याच दाराकडे धावली. दोन मिनिटांच्या आत ते दार माणसांनी गच्च झाले. एकूण १०० जण गेले. मन घाबरले की ओळखीच्या वाटेकडेच जाते, म्हणून दुसरी वाट आधी ओळखीची करून ठेवायची. हॉटेलात खोलीपासून जिन्यापर्यंत मुलांना दारे मोजू द्या. धुरात दिसत नाही, पण भिंतीला हात लावून मोजता येते. विमानातही तसेच, आपल्या रांगेपासून पुढचे आणि मागचे दार किती रांगांवर आहे. बाहेर पडायची वेळ आली तर सामान सोडायचे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला धडकेनंतर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली, आणि प्रवाशांनी बॅगा आत सोडल्या हे त्याचे एक मोठे कारण होते. पासपोर्ट आणि औषधे अंगावरच्या लहान पिशवीत असतील तर बॅग सोडणे सोपे जाते.

समुद्रकिनाऱ्यावर मी सांध्याचा नियम मागे घेते. तिथे मोकळी वेळ नसते. बुडणारे माणूस हात हलवत, ओरडत बुडते असे आपल्याला वाटते. जीवरक्षक फ्रँक पिया यांनी अशा प्रसंगांचे चित्रीकरण करून दाखवून दिले की ते शांतपणे घडते. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असल्याने ओरडता येत नाही, हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, आणि हे सगळे साधारण २० ते ६० सेकंदांत संपते. लहान मुलाला तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून धाकटा पाण्यात किंवा काठावर असताना एक मोठा माणूस त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, फोनशिवाय. पंधरा-वीस मिनिटांनी बदली, तीही बोलून. हवेने फुगवलेल्या रिंगा आणि दंडावर घालायच्या पट्ट्या खेळणी आहेत, त्यांच्यावर भरवसा नको; मापाचे जीवरक्षक जाकीट घ्या. ओढून नेणाऱ्या प्रवाहात मुलगी सापडली तर काठाकडे झगडायचे नाही, तरंगत राहून हात वर करायचा किंवा काठाला समांतर पोहायचे, हे तिला आधी सांगा. आणि जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही एकदाच केला आहे, पण कक्षात मुलांइतकीच वयस्कर माणसेही येत. ती कर्मचाऱ्यांकडे मदत मागायला संकोचतात, आणि ‘आम्हाला काय होतंय’ म्हणून क्रमांक लिहिलेला कागद घेत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये कार्ड असू द्या: नाव, तुम्हा दोघांचे फोन, मुक्कामाचा पत्ता तिथल्या भाषेत, आजार, रोजची औषधे, रक्तगट. औषधे त्यांच्याजवळच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. चालण्याचा वेग त्यांचा ठेवा आणि धाकट्याला त्यांच्या एकटीच्या हाती देऊ नका. त्याने झटका देऊन हात सोडवला तर दोघांनाही इजा होते.

एक नियम सगळ्यांना सारखा हवा: घरातल्या कोणीही, अगदी धाकट्यानेही, “मला इथे बरं वाटत नाही, निघू या” म्हटले तर आधी निघायचे आणि कारण बाहेर जाऊन विचारायचे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी थायलंडच्या फुकेत बेटावर माय खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची १० वर्षांची ब्रिटिश मुलगी आई-वडिलांसोबत होती. पाण्याला विचित्र फेस येतो आहे हे बघून तिला शाळेत नुकताच झालेला त्सुनामीचा धडा आठवला आणि तिने एकसारखे सांगायला सुरुवात केली. आईला आधी पटले नाही, पण वडिलांनी ऐकले, रखवालदाराला सांगितले, आणि लाट येण्यापूर्वी किनारा रिकामा झाला. सुमारे शंभर माणसे वाचली. मुलाचे म्हणणे दहापैकी नऊ वेळा कंटाळा असेल. तरी चालेल. अर्धा तास वाया जाईल, पण आपले बोलणे ऐकले जाते हे मुलाला कळेल. ज्या दिवशी कोणी मुलाशी वाईट वागेल त्या दिवशी ते तुमच्याकडे येईल ते या भरवशावर.

मुले घाबरतील म्हणून हे बोलायचे टाळू नका. मुलांना भीती मोठ्यांच्या आवाजातून लागते. निघायच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या बागेत जा आणि खेळासारखे करून बघा: धाकट्याला दिसणार नाही असे दोन मिनिटे आडोशाला उभे राहा आणि तो थांबतो का बघा, मुलीला दारे शोधू द्या, तुम्ही दोघे सोपवण्याचे शब्द वापरून बघा. पहिल्यांदा ते कृत्रिम वाटतील, दुसऱ्या दिवशी वाटणार नाहीत.

आता तुमच्या वस्तू. पेपर स्प्रे विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, आणि काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, तो बाळगणे हाच गुन्हा आहे. मुले जवळ असताना आणि वारा उलटा असताना तो तुमच्याच डोळ्यांत जातो. मी कुटुंबाच्या प्रवासाला तो सुचवत नाही. घड्याळ मुलीसाठी घ्यायला हरकत नाही, पण इमारतीच्या आत आणि दाट गर्दीत जीपीएसची जागा बरीच चुकू शकते, आणि परदेशात त्यातले सिम चालेलच असे नाही. त्यामुळे ते सोपवण्याच्या सवयीची जागा घेऊ शकत नाही. त्याआधी तुमच्याकडे आहेत ते फोन नीट लावून घ्या. आपत्कालीन माहितीत आजार आणि संपर्क भरा, म्हणजे फोन कुलूपबंद असतानाही कर्मचाऱ्याला ती दिसते. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण पाच वेळा पटापट दाबून, आणि आयफोनमध्ये बाजूचे व आवाजाचे बटण एकत्र धरून मदत मागवता येते. हे मुलीला आणि सासूबाईंना हातात देऊन दाखवा. जाणार तिथला आपत्कालीन क्रमांक पाठ करा. ११२ युरोपभर आणि भारतासह अनेक देशांत चालतो, अमेरिका आणि कॅनडात ९११ आहे, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९.

मुलीची उंची आणि भाड्याच्या गाडीचा प्रकार कळवलात तर बूस्टर पाठीचा घ्यायचा की बिनपाठीचा, ते नेमके सांगेन.